सरडा खरंच उडतो का?

गोव्यातल्या कुळागरात, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेत, एक सरडा या पोफळीवरून त्या पोफळीवर उडत गेला, तो भास होता का, त्याला पंख असतात का आणि तो विषारी असतो का, असं तुम्ही विचारलंय.

भास नव्हता. तो उडता सरडा, शास्त्रीय नाव ड्रॅको डस्सुमिएरी. सह्याद्रीच्या दक्षिण भागात, गोवा, कर्नाटक आणि केरळात राहतो. विष अजिबात नाही. मुंग्या हेच त्याचं मुख्य खाणं.

त्याला पक्ष्यासारखे पंख नसतात. त्याच्या काही बरगड्या अंगाबाहेर लांब वाढलेल्या असतात आणि त्यांच्यावर कातडीचा पातळ पडदा असतो. एरवी तो पंख्यासारखा मिटलेला. उडी मारताना उघडतो. तो पंख फडफडवत नाही, हवेवर तरंगत उतरतो. मला यातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते ती त्याच्या हातांची. उडी घेतल्यावर तो पुढचे पाय मागे वळवतो आणि पडद्याची पुढची कड पंजांनी धरतो! हे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात समोर आलं, आणि ती निरीक्षणं कर्नाटकातल्या आगुंब्याजवळच्या पोफळीच्या बागांत केलेली होती. म्हणजे तो पडद्याला हातांनी ताण देतो, वळवतो.

माझ्या मावशीचं गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात कुळागर आहे. तिथे मी तो पहिल्यांदा पाहिला, खरं तर आधी त्याची पिवळी झालर पाहिली. खोडाच्या रंगात तो इतका मिसळतो की नर गळ्याखालचा तो लिंबासारखा पिवळा पापुद्रा बाहेर काढेपर्यंत समोर असूनही दिसत नाही. पोफळीच्या उभ्या, मोकळ्या खोडांमध्ये त्याला तरंगायला आयती वाट मिळते. शेजारच्या खोडावर तो बराच खाली उतरतो, मग मुंग्या टिपत वर चढतो आणि शेंड्याजवळून पुन्हा झेप घेतो. जमिनीवर येते ती मुख्यतः मादी, मातीत खड्डा करून अंडी घालायला.

कृपा करून त्याला पकडून 'पंख' उघडून फोटो काढू नका. त्या ताणलेल्या काड्या म्हणजे त्याच्या जिवंत बरगड्या आहेत. खाली बसून वाट पाहा. सकाळची उन्हं खोडांवर आली की मावशीच्या कुळागरात अर्ध्या तासात एखादी झेप तरी दिसतेच, तुम्हालाही दिसेल.