रविवारची मिस्सा चुकते, टोमणा मात्र चुकत नाही

"ताई, सासूबाई आठ महिने अंथरुणाला खिळल्यात. नवऱ्याची रविवारी पण ड्युटी असते. मी चौदा वर्षं कॉयरमध्ये गायले, आता महिन्यातून एकदा मिस्सा (चर्चमधली उपासना) मिळाली तरी नशीब. परवा गेले तर कॉयरमधलीच एक बाई सगळ्यांसमोर म्हणाली, 'अगंबाई, तुला चर्चचा रस्ता आठवतो का अजून!' घरी येऊन रडले. पाप केल्यासारखं वाटतं, कम्युनियन (मिस्सेतली पवित्र भाकर) घ्यायला पाय उचलत नाही. कन्फेशनला (फादरपुढे पापाची कबुली द्यायला) जाऊ का? की चर्चच बदलू? – थकलेली सून"

अगं, पापाचं आधी निपटवून टाकू म्हणजे डोकं मोकळं होईल. आपल्या कॅथलिकांना रविवारची मिस्सा बंधनकारक आहे हे खरंच, पण गंभीर कारण असेल तर सूट असते आणि कॅटेकिझममध्ये, म्हणजे चर्चच्या शिकवणीच्या पुस्तकात (परिच्छेद २१८१) उदाहरणंच दिलीत, आजारपण आणि तान्ह्या बाळाची देखभाल. जी म्हातारी बाई स्वतःहून कूस बदलू शकत नाही तिला एकटी टाकून तू मिस्साला पळालीस तर मी म्हणेन जा कन्फेशनला. बाकी कशासाठी जायचं असेल तर जरूर जा, पण "मिस्सा चुकली" हे ओझं बाहेरच ठेव. आणि शनिवारी संध्याकाळी नवरा घरी असेल तर ती मिस्सा पण रविवारचीच धरतात, बघ जमतंय का.

अजून एक सांगते, मला स्वतःला हे फार आवडतं. कम्युनियनच्या आधी एक तास काही खायचं नाही हा नियम तुला माहितीये. १९८३ च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे चर्चच्या कायद्यात, कलम ९१९, तिथे म्हटलंय की म्हातारी माणसं, आजारी माणसं आणि त्यांची सेवा करणारे, यांनी त्या तासात काही खाल्लं असलं तरी चालतं. *सेवा करणारे*, वाचलंस ना? कायदा लिहिणाऱ्यांना तुझ्यासारखी सून आठवली, कॉयरमधल्या बाईला नाही आठवली.

आता तुझं चुकतंय ते. एवढ्या पत्रात फादरना सांगितलं असं एक वाक्य नाही! आपल्याला वाटतं सगळ्या पॅरिशला, म्हणजे आपल्या चर्चच्या लोकांना, आपलं घर दिसतंय, पण त्यांना फक्त कॉयरमधली तुझी रिकामी जागा दिसते आणि मग ज्याला जे सुचेल ते तो त्यात भरतो. पॅरिश ऑफिसला फोन करून सांग, घरी कम्युनियन हवंय. फादर येतील नाहीतर नेमलेलं कोणीतरी येईल, आजाऱ्यांकडे जाणं हे फादरच्या कामातच येतं, उपकार नाहीत ते. सासूबाईंना आजाऱ्यांचा तेलाचा संस्कार पण मिळू शकतो, तो फक्त शेवटच्या घटकेला द्यायचा असतो ही जुनी भीती सोडून दे.

मी काही वर्षं असं घरोघरी कम्युनियन नेलंय. एका घरी मुलीने स्टुलावरच्या औषधाच्या बाटल्या घाईघाईने खाली ठेवल्या, वर इस्त्रीचा उशीचा अभ्रा पसरला, मेणबत्ती लावली आणि "घर आवरलेलं नाहीये हो" असं तीनदा म्हणाली. आईला गिळवत नव्हतं म्हणून मी अगदी कणभर तुकडा दिला, वर चमचाभर पाणी. डबी बंद करून निघाले तर ती मुलगी ओले हात पुसत दारात उभी, हळूच म्हणते, "मला पण मिळेल का?" तिला विचारायचं मला सुचलंच नव्हतं. तेव्हा तुझ्याकडे कोणी आलं तर तू आधीच सांग, दोघींसाठी आणा म्हणून.

राहिली ती बाई. चर्च बदलू नकोस, नव्या ठिकाणी पण कोणाला काही माहीत नसणार, मग तिथेही तेच. माझं ऐकशील तर तिलाच फोन कर. भांडायला नाही, मदत मागायला. "रविवारी दीड तास सासूबाईंपाशी बसशील का, तू आधीची मिस्सा कर, मी नंतरची करून येते." राग येईल तुला हे वाचून, येऊ दे. पण असा टोमणा मी पण एकदा मारलाय गं, नंतर त्या बाईचं घर बघितलं आणि खूप दिवस तिच्या नजरेला नजर देता आली नाही मला. ती नाही म्हणाली तर म्हणू दे, कॉयरमधल्या दुसऱ्या कोणाला विचार, चौदा वर्षांत एक तरी मैत्रीण असेलच की.

ऑफिसला फोन आजच कर, रविवारची वाट बघू नकोस. आणि ती बाई आलीच तर निघायच्या आधी तिला सासूबाईंची कूस कशी बदलायची ते नीट दाखवून ठेव, पाठीमागे उशी कुठे लावायची ते पण.