आईच्या डोळ्यातली गाठ

प्रश्न : आईचं (वय ६१) चार वर्षांपूर्वी स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. चतुर्थीच्या आधीपासून तिच्या डाव्या डोळ्याच्या पांढऱ्या भागावर गुलाबी-पिवळसर गाठ दिसते. डोळे आलेत म्हणून दिलेले थेंब तीन आठवडे घातले, फरक नाही. – एक वाचक, डिचोली

उत्तर : ताई, थेंबांवर आणखी दिवस घालवू नका. याच आठवड्यात बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) नेत्रविभागात आईला दाखवा. जुनी फाईल, विशेषतः बायोप्सीचा रिपोर्ट, सोबत न्या आणि कॅन्सरचा इतिहास स्वतःहून सांगा.

शेतात, होडीवर उन्हात राबणाऱ्यांच्या डोळ्यात वाढलेलं मांस मी रोज पाहते. ते बहुधा नाकाकडून बुबुळाकडे पंख्यासारखं सरकतं. तुम्ही लिहिलेली गाठ मला तशी वाटत नाही. शरीरातला कॅन्सर डोळ्याच्या पृष्ठभागावर येणं दुर्मीळ, पण स्तनाचा, फुफ्फुसाचा येऊ शकतो. नुसतं पाहून खात्री होत नाही. तुकडा तपासावाच लागतो. ‘सुरी लागली की पसरतो’ ही भीती घरोघरी ऐकते. कृपा करून तिला थारा देऊ नका. डोळा बधिर करून छोटासा तुकडा घेतात. त्यावर हार्मोन रिसेप्टर आणि हर-टू (कॅन्सरच्या पेशींमधली प्रथिनं) पुन्हा तपासून घ्या, कारण ते स्तनातल्या पहिल्या गाठीपेक्षा बदललेले असू शकतात आणि औषध त्यावरच ठरतं.

बाहुली मोठी करून डोळ्याचा आतला भागही बघायला सांगा. तिथे कॅन्सर पसरण्याचं प्रमाण पृष्ठभागापेक्षा जास्त असतं. निदान पक्कं झालं तर सगळ्या शरीराचं स्कॅन होईल. मुख्य उपचार कॅन्सरतज्ज्ञांकडे : हार्मोनच्या गोळ्या, केमो. गाठ त्रास देत असेल तर रेडिएशन. डोळा काढावा लागेल असं आईला कुणी सांगितलं असेल, तर तिला सांगा, तशी वेळ क्वचितच येते.