ग्रामसभेत बोलायच्या आधी एवढं वाच

बापू,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. सभेत उभं राहून 'आपल्या विहिरीत ग्लायफोसेट तणनाशक आहे, सगळ्यांना कॅन्सर होणार' म्हणायचा विचार आहे ना, तर जरा थांब. २०१५ मध्ये डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेनं त्याला 'बहुधा कॅन्सर करणारं' म्हटलं हे खरंच, पण अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए तसं मानत नाही, आणि किती पोटात गेलं तर किती धोका याचा हिशोब त्या शिक्क्यात नाहीच. कोणी उलटा प्रश्न विचारला तर अडकशील.

ग्लायफोसेट आपल्या काळ्या मातीला चिकटून बसते, पाझरून खाली कमीच जाते, पण जोराचा पाऊस आला की गढूळ पाण्यासोबत नाल्यात अन् बिनकठड्याच्या विहिरीत उतरते. मक्यावाले मारतात ते अॅट्राझिन तणनाशक मात्र पाण्यासोबत सरळ झिरपते, भूजलात लवकर मोडत नाही, प्राण्यांवरच्या अभ्यासात हार्मोन बिघडवते असं दिसलंय, युरोपनं केव्हाच बंद केलं. आपल्या आयएस १०५०० मध्ये, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, अॅट्राझिनची मर्यादा लिटरला २ मायक्रोग्रॅम आहे, २,४-डी या दुसऱ्या तणनाशकाची ३०, अन् सर्रास फवारतात ते ग्लायफोसेट त्या यादीतच नाही! हे सभेत बोल, बिनधास्त.

पण खरा घोळ विहिरीवरच होतो. फवारणीचा पंप तिथंच भरायचा, तिथंच धुवायचा, रिकामे डबे तिथंच टाकायचे, काही बहाद्दर तर त्याच कॅनमधून प्यायचं पाणी वावरात नेतात, काय बोलावं! हे बंद करायला लॅबही लागत नाही अन् पैसाही नाही.

घरोघरी हेही सांग की पाणी उकळून तणनाशक जात नाही, पाणी आटलं की उलट घट्ट होते. तुरटी-ब्लिचिंगचाही भरवसा नाही. कार्बन फिल्टर अॅट्राझिन धरतो, पण वेळेवर बदलला तरच, आरओनं बरंच निघते.

ग्रामपंचायतीच्या पाणी तपासायच्या किटवर नायट्रेट अन् फ्लोराइड दिसते, तणनाशक नाही. तरी आधी तेच कर, यवतमाळ-चंद्रपूरकडं फ्लोराइडचा त्रास जुना आहे, अन् वरच्या दुधावरच्या तान्ह्या लेकराला नायट्रेट भारी पडते. मग वर्गणी जमली तर लॅब. नमुना उन्हाळ्यात नको, फवारणीनंतरच्या पहिल्या मोठ्या पावसावर घे, बाटली लॅबवाल्यांचीच, बर्फात ठेवून पोचव. अन् गावात काय काय विकलं जाते ते कृषी केंद्रातून लिहून आण आणि लॅबला नावानिशी सांग, कारण ग्लायफोसेटची तपासणी वेगळी असते, नेहमीच्या पेस्टिसाइड टेस्टमध्ये ते येतच नाही.