खरूज परत परत का येते? आणि निवासी शाळेतले आणखी काही प्रश्न

या अंकासाठी आलेली बरीच पत्रं आश्रमशाळा आणि वसतिगृहांतल्या अधीक्षकांची, गृहपालांची आहेत. त्यातले सहा प्रश्न निवडले आहेत. पत्रं थोडी संपादित केली आहेत. गावांची आणि शाळांची नावं काढली आहेत.

प्रश्न : आमच्या वसतिगृहात सहावी ते दहावीची १२० मुलं आहेत. पावसाळा सुरू झाला की खरूज पसरते. ज्यांना फोड दिसतात त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रातून मलम आणून लावतो. पंधरा दिवस बरं वाटतं, की पुन्हा तेच. मलमच हलकं आहे का?
*– अधीक्षक, नंदुरबार जिल्हा*

मलम बहुधा चांगलंच आहे. चूक आहे ती 'ज्यांना फोड दिसतात त्यांना' या शब्दांत.

खरजेचा किडा पहिल्यांदा अंगात शिरला की खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढे दिवस मूल बाहेरून स्वच्छ दिसतं आणि शेजारच्याला खरूज देत राहतं. तुम्ही तीस मुलांना मलम लावता तेव्हा आणखी कितीतरी मुलांच्या अंगात किडा मुक्काम करून असतो. बरी झालेली मुलं त्यांच्याच अंथरुणात जाऊन बसतात. म्हणून उपचार सगळ्यांवर आणि एकाच रात्री व्हायला हवा. त्यात १२० मुलं आली, स्वयंपाकी, कामाठी, चौकीदार आले, आणि आवारात राहणारं तुमचं कुटुंबही आलं.

पर्मेथ्रिन ५ टक्के मलम मोठ्या मुलाच्या पूर्ण अंगाला एका वेळी साधारण ३० ग्रॅम लागतं. दोन वेळा लावायचं म्हणजे १२० मुलांना ३० ग्रॅमच्या २४० ट्यूब. आरोग्य केंद्रात एवढा साठा सहसा नसतो, त्यामुळे वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे मागणी पंधरा-वीस दिवस आधी लेखी द्या. मलम पुरणार नसेल तर ते आयव्हरमेक्टिनच्या गोळ्यांचा विचार करतील. तो डोस वजनावर ठरतो (किलोमागे २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ३० किलोच्या मुलाला ६ मिलिग्रॅम, ४५ किलोच्याला ९) आणि आठवडा-पंधरवड्याने पुन्हा द्यावा लागतो. म्हणून सगळ्यांची वजनं घेऊन यादी तयार ठेवा. गोळ्या तुमच्या मनाने देऊ नका.

शनिवारची रात्र निवडा. संध्याकाळी आंघोळ, अंग पूर्ण कोरडं आणि थंड झाल्यावर मलम. गळ्यापासून तळपायापर्यंत सगळीकडे, फोड असो वा नसो: बोटांच्या बेचक्या, नखांखाली, मनगट, काखा, बेंबी, कंबर, जांघा, लघवीची जागा, ढुंगण, तळवे. नंतर हात धुतले तर हातांना परत लावायचं. आठ ते चौदा तास अंगावर राहू द्यायचं आणि रविवारी सकाळी आंघोळ. पुढच्या शनिवारी हेच पुन्हा. दुसरी फेरी चुकली तर पहिलीही वाया जाते. मधल्या रविवारी घरी जायला कोणाला सोडू नका, आणि जो गेलाच असेल त्याला परत आल्यावर आत घेण्याआधी मलम लावा.

कपडे आणि चादरींचं पावसाळ्यात अवघड होतं. १२० चादरींना पुरेल एवढं कढत पाणी नसतं आणि ऊनही नसतं. त्यावर सोपा उपाय असा, की गेल्या तीन-चार दिवसांत वापरलेले कपडे, चादरी, टॉवेल नव्या प्लॅस्टिकच्या पोत्यांत भरून तोंड घट्ट बांधायचं आणि आठवडाभर उघडायचं नाही. माणसाच्या अंगाबाहेर किडा साधारण दोन-तीन दिवसच जगतो. ओल्या, थंड हवेत थोडा जास्त, म्हणून आठवडा. तेवढ्यासाठी प्रत्येकाकडे कपड्यांचा आणि चादरीचा दुसरा जोड लागेल. तो नसेल तर आधी त्याची सोय करा.

उपचारानंतरही खाज दोन ते चार आठवडे राहते. औषध लागू पडलं नाही असं समजून रोज मलम लावत बसू नका, त्याने कातडी आणखी चिडते. नवे फोड मात्र दिसले तर दाखवा. पू भरलेले फोड असतील तर वेगळं औषध लागतं. अशा मुलाचा चेहरा सकाळी सुजला किंवा लघवी चहाच्या रंगाची झाली तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या, कारण कातडीच्या या संसर्गातून मूत्रपिंडाला सूज येऊ शकते.

आणखी एक. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा जांघेतले फोड सगळ्यांसमोर दाखवत नाही. रांगेत उभं करून शर्ट वर करायला लावलंत तर हात तेवढे दिसतील. आडोसा करा, एकेकाला आत घ्या, स्वतःच्या हाताने लावू द्या, पाठीला तेवढी मित्राची मदत घ्या.

प्रश्न : लोहाच्या निळ्या गोळ्या मुली खिडकीतून फेकतात. ओरडून झालं, दंड करून झाला.
*– अधीक्षिका, गडचिरोली जिल्हा*

गोळी कधी देता ते आधी बघा. सोमवारी सकाळी परिपाठाला, उपाशीपोटी दिली की मळमळतं, एखादीला उलटी होते, आणि पुढच्या सोमवारी अख्खी खोली गोळी फेकते. दुपारच्या जेवणानंतर लगेच, चावायला न लावता, पेलाभर पाण्याबरोबर द्या. त्या जेवणात लिंबाची फोड असू द्या. आधी-नंतर तासभर चहा नको, चहामुळे लोह अंगी लागत नाही. शौचाला काळं होतं हे पहिल्याच आठवड्यात सांगून टाका. न सांगितल्यास मुली घाबरतात आणि विचारत नाहीत.

ही आठवड्याची गोळी (६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल) रक्त कमी होऊ नये म्हणून आहे, आणि मुलांनाही द्यायची आहे. जिचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली आहे तिला एवढ्याने भागत नाही, तिला आरोग्य केंद्रातून रोजचे उपचार लागतात. जंतांची गोळी (अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम, फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये) चुकवू नका, ती मात्र चावून खायची. तुमच्या भागात सिकलसेल (लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) आहे. ज्या मुलींना तो आजार आहे त्यांची यादी वेगळी ठेवा आणि त्यांना लोह द्यायचं की नाही हे डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : संध्याकाळच्या प्रार्थनेला एक मुलगी पडली. अर्ध्या तासात अकरा जणी. हातपाय वाकडे, श्वास जोरात, कोणी रडतंय, कोणी किंचाळतंय. दवाखान्यात सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. दोन दिवसांनी परत झालं. पालक भगत आणायचा म्हणतात, शिक्षक म्हणतात नाटक आहे. काय समजायचं?
*– अधीक्षिका, अमरावती जिल्हा*

पालकांचंही ऐकू नका आणि शिक्षकांचंही. यात भूत नाही, तसं नाटकही नाही. मुलींना जे होतं ते त्यांना खरोखर होत असतं.

शरीराची कारणं आधी वगळा, प्रत्येक वेळी. सगळ्यांनी एकच पदार्थ खाल्ला आणि उलट्या-जुलाब आहेत का? जनरेटरचा किंवा चुलीचा धूर कोंडलाय का? शेजारच्या कापसावर फवारणी झाली का? त्या दिवशी उपास किंवा अर्धपोटी जेवण होतं का? जीभ चावली गेली, कपड्यात लघवी झाली, ताप आहे किंवा पंधरा-वीस मिनिटांनंतरही शुद्ध नीट येत नाही, अशी मुलगी थेट दवाखान्यात.

हे काही नसेल आणि एकीला बघून दुसरी, तीही तिची मैत्रीण, असं पसरत असेल तर तो मनावरचा ताण शरीरातून बाहेर पडतोय. बंदिस्त जागेत एकत्र राहणाऱ्या किशोरवयीन मुलींमध्ये हे जगभर दिसलेलं आहे. १९६२ साली टांगानिकातल्या (आजचा टांझानिया) काशाशा गावी मुलींच्या निवासी शाळेत अनावर हसण्याची अशीच लाट आली आणि शाळा बंद ठेवावी लागली होती. हातपाय वाकडे होतात आणि तोंडाभोवती मुंग्या येतात ते बहुतेकदा श्वास फार जोरात घेतल्याने.

पुढच्या वेळी पहिली मुलगी पडली की तिला बाकीच्यांच्या नजरेआड न्या. जितक्या मुली तितक्या जागा, निदान पडदे तरी, आणि प्रत्येकीजवळ एकच शांत मोठं माणूस. गर्दी, व्हिडिओ, आरडाओरडा यातलं काही नको. 'चार आकडे मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर' हे तिच्याबरोबर स्वतः करा. कांदा-चप्पल हुंगवू नका, थोबाडीत मारू नका, तोंडावर पिशवी धरू नका. बाकी वसतिगृहाचं जेवण वेळेवर सुरू राहू द्या, लाट ओसरायला त्याची फार मदत होते. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. पालकांना हे शांतपणे, गावच्या सरपंचांना सोबत बसवून सांगा.

एवढं केल्याने लाट थांबते, कारण उरतं. पहिली पडलेल्या मुलीशी आठवडाभरात दोन-तीनदा एकटीशी बोला. घरी लग्नाची बोलणी चालू आहेत का, परीक्षेची धास्ती आहे का, संडासाकडे जायच्या वाटेवर अंधार आहे का, कोणी त्रास देतं का. दिवा बंद असेल तर तो आजच लावता येतो. कोणी अंगाला हात लावल्याचं, तसले बोलणं-वागणं केल्याचं तिने सांगितलं तर शाळेत चौकशी समिती नेमत बसू नका. पोक्सो कायद्याच्या (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा) कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने ते टाळलं तर एक वर्षापर्यंत कैद आहे. मुलीला तीच हकिगत चारचौघांपुढे पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका.

प्रश्न : आठवीतला मुलगा अंथरूण ओलं करतो. मुलं चिडवतात. रात्री दोनला उठवून बघितलं, फरक नाही.
*– गृहपाल, नाशिक जिल्हा*

हे लहानपणापासून आहे की मधे थांबून आता पुन्हा सुरू झालं? पुन्हा सुरू झालं असेल तर लघवी तपासून घ्या: जंतुसंसर्ग आणि मधुमेह दोन्हींसाठी, विशेषतः तहान वाढली आणि वजन उतरलं असेल तर. बद्धकोष्ठता विचारा, भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं. सिकलसेल असलेल्या मुलांतही हे पुष्कळ दिसतं.

त्याचं पाणी तोडू नका. दिवसभरात, संध्याकाळी पाचपर्यंत भरपूर पिऊ द्या, रात्री घोट-दोन घोट. संध्याकाळचा चहा बंद. झोपायच्या तयारीला लागताना एकदा आणि प्रत्यक्ष आडवं होताना पुन्हा एकदा लघवी. दोनला उठवल्याने चादर कोरडी राहील, सवय जाणार नाही. त्याची जागा दाराजवळ करा आणि उशाशी टॉर्च द्या. गादीवर रेक्झीन घाला, चादरीचे दोन जोड आणि झाकणाची एक बादली ठेवा, म्हणजे इतर उठायच्या आत तो बदलून मोकळा होईल. चादर मैदानातल्या दोरीवर वाळवणं ही शिक्षाच आहे, ती आजपासून थांबवा.

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीनंतर दरवर्षी तीन-चार मुलं पळतात. गेल्या वर्षी एक दोन दिवसांनी सापडला.
*– मुख्याध्यापक, बीड जिल्हा*

तुमच्या जिल्ह्यात दिवाळीच्या सुमाराला आईबाप ऊसतोडीला गेलेले असतात. मुलगा घरी पळतो आणि घराला कुलूप असतं. म्हणून सुट्टीहून परत येतानाच पालकांकडून लिहून घ्या: कोणत्या कारखान्याला जाताय, फड कोणत्या गावाला, मुकादमाचा नंबर, गावात मागे कोण आहे. ही वही गेटवर नाही, तुमच्याजवळ. आठवड्यातून एकदा ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी आईशी फोन लावून द्या. 'बघू' म्हणू नका, वाट पाहणारं मूल तासन्तास फोनकडे डोळे लावून बसतं.

दिवे लागणीची वेळ सगळ्यांत जड. सहा ते आठ मोकळं ठेवू नका: खेळ, भाकरी थापायला मदत, गाणी, काहीही. रात्रीची हजेरी आवाजावर घेऊ नका, प्रत्येक गादीजवळ जाऊन चेहरा बघा.

मूल सापडत नाही हे कळलं की आवार आणि बसथांबा बघायला अर्धा तास, त्यानंतर पोलीस. चोवीस तास थांबायचं असतं हा गैरसमज आहे. हरवलेल्या मुलाच्या तक्रारीवर लगेच गुन्हा नोंदवायचा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा आदेश आहे. १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) आणि ११२ (तातडीची मदत) हे क्रमांक आहेतच. परत आला की आधी जेवायला घाला. 'का पळालास' हे दुसऱ्या दिवशी, एकट्याला विचारा. पळालेल्याला मैदानात उभं केलं की पुढचा न सांगता पळतो, आणि अशा शिक्षेला शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मनाई करतं.

प्रश्न : पलंग अपुरे आहेत, निम्मी मुलं जमिनीवर झोपतात. सापाची भीती किती खरी?
*– अधीक्षक, पालघर जिल्हा*

पूर्ण खरी. मण्यार रात्री फिरतो आणि झोपलेल्याला चावतो. दंश दुखत नाही, खूण डासाएवढी, कधी दिसतही नाही. पहाटे मूल पोटात दुखतंय, घशाशी येतंय म्हणून उठतं, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, श्वास मंदावतो. जमिनीवर झोपलेलं मूल पहाटे पोटदुखीने उठलं आणि त्याच्या पापण्या झाकू लागल्या, तर साप दिसला नाही तरी मण्यार चावला असं धरून निघा.

१०८ ला फोन. मुलाला चालवू नका. पाणी-औषध तोंडाने नको. बांधणं, कापणं, चोखणं काही नाही. लाळ गळत असेल तर कुशीवर झोपवून न्या आणि वाटेत श्वासाकडे लक्ष ठेवा. सर्पदंशाची लस आणि कृत्रिम श्वासाची सोय जवळ कोणत्या रुग्णालयात आहे हे आजच विचारून नंबर भिंतीवर रंगवा. रात्री तीनला शोधायला वेळ नसतो.

पलंग येईपर्यंत जमिनीवरच्या प्रत्येक मुलाला मच्छरदाणी द्या आणि तिच्या कडा चारी बाजूंनी गादीखाली खोचायला लावा, नुसती टांगून उपयोग नाही. धान्याची कोठी झोपायच्या खोलीला लागून असेल तर हलवा, उंदरांमागे साप येतो. दाराखालच्या फटी बुजवा. पलंग जसजसे येतील तसतसे आधी भिंतीकडेच्या आणि कोठीजवळच्या मुलांना द्या.