त्यांनी तुला मुलांत बघितलंय का?

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू पोह्यांच्या ताटलीशेजारी, मुलांना रानात नेऊन शिकवायच्या प्रशिक्षणाची तीन माहितीपत्रकं पसरलीस आणि विचारलंस, "मावशी, यातला खरा प्रशिक्षक कोण?" मी धड उत्तर दिलं नाही. शिफारसपत्राचं निघालं तेव्हा तर विषयच बदलला. ते मनाला लागून राहिलं, म्हणून लिहितेय.

तू फी बघत होतीस, शिक्के बघत होतीस, फोटोतले तंबू बघत होतीस. मी तिन्ही कागदांत एकच गोष्ट शोधत होते. तुझ्या प्रमाणपत्रावर सही करणारा माणूस तुला मुलांसोबत रानात बघणार आहे का? दोन कागदांत त्याचा उल्लेखही नव्हता.

2004 साली माझ्याकडेही एक प्रमाणपत्र होतं. शहराबाहेरच्या एका फार्महाऊसच्या हिरवळीवर दोन दिवसांचं शिबिर. शिकवणारे गृहस्थ विद्वान, धावडा नि तेंदू पानावरून ओळखायचे. पण मला एका तरी मुलाशी बोलताना त्यांनी पाहिलं नव्हतं. त्याच ऑगस्टमध्ये मी चौदा मुलं घेऊन इंदुराजवळच्या चोरलच्या पुढे एका नाल्यावर गेले. लख्ख ऊन. घोट्याएवढं पाणी, तळाचे गोटे दिसत होते. मुलं गोटे वेचत होती आणि मी त्यांची मोजदाद करत होते. पाणी जरा गढूळ झालं. वर कुठे म्हशी उतरल्या असतील, असं मला वाटलं. मग सागाची पानं आली, काटक्या आल्या. पलीकडून एक गुराखी काठी उगारून ओरडला, "ऊपर! सबको ऊपर लो!" मुलं वर चढली. डबे ठेवलेला खडक थोड्याच वेळात दिसेनासा झाला.

पाऊस वर माळव्याच्या पठारावर पडतो आणि पाणी घाटातून खाली येतं, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. पण मुलं मोजताना माझी पाठ प्रवाहाकडे होती. आधी एकदा जरी कुणी जाणता माणूस माझ्यामागे उभा राहिला असता, तर त्याने तेवढंच सांगितलं असतं, पाण्याकडे पाठ करू नकोस. जुलै 2011 मध्ये इंदुराजवळच्याच पाताळपाणीच्या धबधब्यावर सहलीची माणसं लोंढ्यात वाहून गेली, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

त्यानंतर मी एका बाईंकडे वर्षभर शिकले. त्या झाडाखाली वही घेऊन बसायच्या आणि सत्र संपेपर्यंत बोलायच्या नाहीत. पहिल्या दिवशी मी मुलांना चाकू शिकवला. हात लांब करून गोल फिरायचं, कुणाला हात लागला नाही तरच पातं उघडायचं, सगळं नियमाप्रमाणे. शेवटी त्या म्हणाल्या, "तू उघडा चाकू हातात धरून बोलत होतीस. मुलं पात्याकडे बघत होती, तुझं ऐकत कोण होतं?" हे मला कुठल्याही हिरवळीवर कळलं नसतं.

तू म्हणालीस, ही पद्धत परदेशी, मग परदेशी प्रमाणपत्रच चांगलं. बरं, तिथलं बघ. 1993 मध्ये इंग्लंडच्या ब्रिजवॉटर कॉलेजची माणसं डेन्मार्कच्या बालवाड्या पाहून आली आणि तिथून फॉरेस्ट स्कूल, म्हणजे रानातली शाळा, सुरू झालं. तिथे पूर्ण नेतृत्वाचं प्रमाणपत्र तिसऱ्या पातळीचं असतं. रानातल्या प्रथमोपचाराचे सोळा तास होतात, पण तेवढ्यावर भागत नाही. स्वतःच्या मुलांच्या गटासोबत किमान सहा सत्रं घेऊन दाखवावी लागतात. तुझ्या कागदांतल्या ऑनलाइन प्रमाणपत्रवाल्यांनी ती सहा सत्रं कुठे ठेवलीत? विचार त्यांना. आणि परदेशाचं इतकं अप्रूप कशाला? आपल्याच डहाणूजवळ कोसबाडला कुरणशाळा चालली, गुरं राखणाऱ्या मुलांपाशी शाळाच कुरणात गेली. ती चालवणाऱ्या अनुताई वाघ 1945 पासून ताराबाई मोडकांच्या डोळ्यांसमोर काम करत घडल्या. डोळ्यांसमोर, हे लक्षात घे.

तिसऱ्या कागदावरचा गिर्यारोहक माणूस कष्टाळू दिसतो. उत्तरकाशीचा गिर्यारोहणाचा 28 दिवसांचा बेसिक कोर्स ए श्रेणीत करणं सोपं नाही, मला आदर आहे. पण दोर बांधता येणं वेगळं आणि चिखलात रुसून बसलेल्या चार वर्षांच्या पोराजवळ गप्प बसता येणं वेगळं. त्याला फोन कर. आधी शिकलेल्यांपैकी किती जणांना त्याने "अजून नाही" म्हणून परत पाठवलं, ते विचार. "एकालाही नाही" असं उत्तर आलं, तर पैसे भरू नकोस. आणि तो तुझं सत्र बघायला येणार का? आला नाही तर बाकी सगळं असूनही नको. मी परत परत तेच सांगतेय, कारण तू परत परत फीवर येतेस.

इंदुरात मला हट्टी म्हणतात, तुझ्या कानावर आलं असेल. दोन मुलींना मी सही दिली नाही, कारण त्यांना मुलांत पाहिलं नव्हतं. त्यांनी दुसरीकडून सह्या आणल्या आणि आता लग्नकार्यात भेटल्या तरी बोलत नाहीत. मला त्याचं वाईट वाटतं, खूप वाटतं. पण त्या नाल्यातून चौदा मुलं वर आली ती माझ्या प्रमाणपत्रामुळे नाही, गुराख्यामुळे. पुढच्या वेळी गुराखी तिथे असेलच, असं धरून मी सही कशी करू?

तुझं शिफारसपत्रही त्याचसाठी अडलंय. तू माझ्या मैत्रिणीची लेक, तुला अंगाखांद्यावर खेळवलंय, पण मुलांत मी तुला अजून पाहिलेलं नाही. शनिवारी सकाळी तुझ्या बालवाडीतली पाच-सहा मुलं घेऊन रालामंडलच्या अभयारण्यात ये, पालकांची परवानगी लेखी घे, पाणी जास्त आण. मी मागे वही घेऊन बसेन आणि मधे बोलणार नाही.

तुझी,
मावशी