जसपाल भट्टी आणि आमच्या घरची पावडर

एखाद्या विनोदी कलाकाराने तुमचा विचार करायचा ढंग बदलला का, असं तुम्ही विचारलंय. बदलला. जसपाल भट्टींनी. मराठी माणसाने इथे पुलंचं नाव घ्यायचं असतं, आणि पुलं मलाही तोंडपाठ आहेत. पण डोक्यात रुतून बसला तो हा चंदीगडचा सरदारजी.

१९८९ मध्ये दूरदर्शनवर त्यांचा 'फ्लॉप शो' लागायचा. उणेपुरे १० भाग. नामावलीत दिग्दर्शकाच्या जागी चक्क 'मिसडायरेक्टेड बाय'. ज्यांची खिल्ली उडवायची, त्यांनाच तो भाग सुरुवातीला गंभीरपणे अर्पण केलेला, आणि शेवटी एखाद्या हिंदी गाण्याचं विडंबन.

मी सहावीत होतो. त्या दिवशीचा भाग होता ऑफिसातून पैसे काढायला लावलेल्या खोट्या मेडिकल बिलांवर. बाबा सरकारी कारकून. आम्ही खो खो हसत होतो आणि मध्येच लक्षात आलं, बाबांचा आवाज येत नाहीये. आमच्या फळीवरची टाल्कम पावडर, दाढीचा साबण, आईचं कोल्ड क्रीम, सगळं मेडिकलवाल्याने खोकल्याच्या औषधाच्या नावाने बिलात बसवून दिलेलं होतं. आई म्हणाली, "मेला आपल्याच घरात डोकावून गेलाय." मग बाबाही हसले, पण जरा उशिरा.

भट्टींची खरी गंमत मला इथे दिसते. एरवी विनोदात आपण गांजलेल्या सामान्य माणसाच्या शेजारी बसतो आणि साहेबाला, पुढाऱ्याला हसतो. हसून झालं की आपण स्वच्छच. भट्टी बहुतेक वेळा लबाडाच्या खुर्चीत स्वतः बसायचे. पीएचडीच्या विद्यार्थ्याला घरकामाला जुंपणारा गाईड तेच. चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता, अगदी सभ्य आवाजात, आपण काही गैर करतोय याचा पत्ताच नसल्यासारखे. माणूस शिकलेला इलेक्ट्रिकल इंजिनीअर, कॉलेजात असताना 'नॉनसेन्स क्लब' काढलेला. पुढे महागाई भडकली तेव्हा चंदीगडच्या रस्त्यावर जत्रेतल्यासारखा स्टॉल मांडला: रिंग फेका, डाळ-भाजी जिंका. भाषण ठोकण्यापेक्षा हे कितीतरी झोंबतं.

पुढे मीही सरकारी नोकरीत लागलो. मित्राच्या मोटरसायकलवर मागे बसून तालुक्याला जायचं आणि टीए, म्हणजे प्रवासभत्त्याच्या, बिलात एसटीचं भाडं लावायचं, हे सगळेच करायचे. मीही दोनदा केलं. तिसऱ्यांदा रकाना भरताना तो निर्विकार दाढीवाला चेहरा समोर आला. भाग माझ्यावर निघाला तर अर्पणपत्रिकेत काय लिहितील, हेही आपोआप सुचलं. हसू आलं, रकाना कोराच ठेवला. तेव्हापासून 'सिस्टीम सडलीय' म्हणून तावातावाने बोलायला लागलो की माझी जीभ जरा अडखळते. मित्रांना हा भेकडपणा वाटतो.

२५ ऑक्टोबर २०१२ ला जालंधर जिल्ह्यात, शाहकोटजवळ, गाडीच्या अपघातात ते गेले. त्यांचा 'पॉवर कट' हा सिनेमा दुसऱ्याच दिवशी प्रदर्शित व्हायचा होता, त्याच्याच प्रचाराला फिरत होते. पुढच्या वर्षी मरणोत्तर पद्मभूषण मिळालं.

बातमी कळल्यावर मी बाबांना फोन लावला. तोवर ते निवृत्त झाले होते. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपल्या पावडरचं बिल पकडणारा गेला रे."