मित्र मेला, शत्रू तगला

प्रश्न : मिरचीच्या रोपांना दरवेळी मर लागते. यंदा बियाण्याला आधी कार्बेन्डाझिम हे रासायनिक बुरशीनाशक चोळलं, दुसऱ्या दिवशी ट्रायकोडर्मा लावला. तरी निम्मी रोपं जमिनीलगत कुजून आडवी झाली. जैविक बुरशी ही निव्वळ फसवणूक आहे का? शेतात मायकोरायझा वापरू का? मिरचीनंतर तिथे कोबी घ्यायचा आहे.

उत्तर : फसवणूक नाही, पण तुम्ही पाहुणा बोलावून उंबऱ्यातच त्याला विष दिलंत. ट्रायकोडर्मा ही रोगाच्या बुरशीला रोखणारी जिवंत बुरशी आहे आणि कार्बेन्डाझिम तिला मारतं. त्याहून वाईट म्हणजे रोपवाटिकेतली मर पुष्कळदा पिथियममुळे येते. पिथियम दिसतो बुरशीसारखा, पण खरी बुरशी नव्हे, त्यामुळे कार्बेन्डाझिमचा त्याच्यावर परिणामच होत नाही. मित्र मेला, शत्रू तगला.

पुढच्या वेळी दोन्हींतलं एकच निवडा. ट्रायकोडर्मा घेणार असाल तर किलोभर बियाण्याला 5 ते 10 ग्रॅम लावा, सावलीत सुकवा आणि लगेच पेरा. माझा भर मात्र खतावर असतो. 100 किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात 1 किलो ट्रायकोडर्मा मिसळायचा, ओल ठेवून सावलीत झाकायचा, तीन-चार दिवसांनी खालीवर करायचा. दोन आठवड्यांत तो खतभर पसरतो. नुसत्या कोरड्या मातीत भुकटी फेकली तर तो खाणार काय? वाफ्यात पाणी साचू देऊ नका. चिखल हे पिथियमचं माहेर, तिथे कुठलीच भुकटी पुरी पडत नाही.

पुडीची तारीखही बघा. मी एकदा उन्हाळाभर पुड्या पत्र्याच्या खोलीत ठेवल्या आणि पीक गेल्यावर बियाणेवाल्याला शिव्या घातल्या. चूक माझीच होती, आत सगळं भाजून गेलं होतं.

मायकोरायझाही बुरशीच, पण त्याचं काम वेगळं. तो मुळात शिरून राहतो, त्याचे तंतू मुळांच्या पलीकडचं स्फुरद (फॉस्फरस) आणून देतात आणि बदल्यात झाडाकडून साखर घेतात. जिवंत मुळाशिवाय तो वाढत नाही, म्हणून मिरचीची लागण करताना खड्ड्यात मुळांना टेकेल असाच टाका. जमिनीत स्फुरद आधीच भरपूर असेल तर झाड त्याला फारसं विचारत नाही. माती तपासून घ्या, कदाचित तो खर्च वाचेल.

कोबीला मात्र तो घालू नका. कोबी मोहरीच्या कुळातला, आणि त्या कुळातली झाडं या बुरशीशी संगत करतच नाहीत. ट्रायकोडर्माचं खत कोबीलाही चालेल.